चढाईआधीचा सत्कार

ऑलिंपस सर केल्याबद्दल रियाधच्या मराठी मंडळाने हरीश देवस्थळींचा सत्कार केला, तेव्हा हरीश अजून ऑलिंपसला गेलेच नव्हते. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जुलै लागला की निम्मं मंडळ गावाला पळतं. टाळ्या वाजवायला माणसं हवीत, तर सत्कार जूनमध्येच उरकावा लागतो.

हरीश इस्पितळात एक्स-रे काढतात. दुसऱ्यांची हाडं बघण्यात हयात गेली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायला सवड झाली नाही. ग्रीसमधल्या या डोंगरावर म्हणे झ्यूस आणि त्यांची देवमंडळी राहायची. हे कुठेसं वाचलं आणि हरीशच्या मनाने घेतलं. मग पाठीवर बासमतीची गोणी घेऊन अल मलाझ भागातल्या आमच्या बिल्डिंगचे जिने चढणं सुरू झालं. लोक लिफ्टच्या दारातून वाकून बघायचे.

सेक्रेटरी सुबोधरावांनी शाल घातली, तेव्हा हरीश पुटपुटले, “अहो, जाऊन तर येऊ द्या.”

“जाणारच आहात ना? मग खलास!”

घरी आल्यावर सुनीतीवहिनी म्हणाल्या, “आता वर पोचल्याशिवाय परत येऊ नका. मला याच बिल्डिंगमध्ये राहायचंय.”

हरीश गेले. शेवटच्या शिखराच्या अलीकडे स्काला नावाचं टोक आहे, तिथवर पोचले. पुढे कड्याला हातापायांनी बिलगून जायचं होतं. त्यांनी खाली बघितलं आणि मागून येणाऱ्या जर्मन बाईंना अदबीने म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे.” मग उतरले.

सप्टेंबरात मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं: ‘शिखरावरून’.

“सुबोधराव, मी वर पोचलो नाही.”

“हॉल बुक झालाय. धुकं होतं, काही दिसलं नाही, असं सांगा. कोण बघायला जाणारेय?”

हरीशना रात्रभर झोप नाही. खोटं बोलावं तर जीभ वळेना, खरं बोलावं तर शाल घेतलेली.

माइकसमोर उभे राहून ते म्हणाले, “मी शिखरावर गेलो नाही. भीती वाटली.”

पहिल्या रांगेतून सुनीतीवहिनींचा आवाज आला, “रडलात का?”

“थोडासा.”

“मग ते सांगा की!”

हरीश सांगत गेले. मागे पुलाव गार झाला, तरी कुणी उठलं नाही.

आभार मानताना सुबोधरावांनी शिखर सर केल्याबद्दल हरीशचं अभिनंदन केलं. भाषण आधीच पाठ झालं होतं, काय करणार.