‘हिला थंडी सोसत नाही’

माझे शेजारी पत्नीलाही ‘ही’ म्हणत आणि आपल्या जुन्या मोटारीलाही. “हिला थंडी सोसत नाही, साहेब,” असे ते म्हणाले, की कोणाविषयी बोलतात हे विचारावे लागे. पत्नीला दमा होता. तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी अडली तर, या धास्तीने ते हिवाळ्यात रोज सकाळी चोक ओढून इंजिन तापवत बसत.

नाशिकच्या गारठ्यात इंजिनातले तेल घट्ट होते, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडी जादा पेट्रोल पिते, हे मला मान्य होते. परंतु जागच्या जागी धूर सोडून शेजाऱ्यांना उपद्रव देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, असे मी त्यांना दोनदा लेखी विचारले होते. उत्तर तोंडी मिळे: “बरोबर आहे, साहेब.”

एके सकाळी त्यांच्याच खिडकीतून खोकला ऐकू आला.

“अहो, धूर घरात जातोय. आधी इंजिन बंद करा,” मी ओरडलो.

“बरोबर आहे, साहेब. पण ऐकताय ना? आज हिला जास्तच झालंय. गाडी तयार हवी,” असे म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.