डाव्या पायाची सूज

कुंडलच्या चंद्राबाईच्या हाताला गुण आहे, असं गावातल्या बाळंतिणी म्हणत. अंकिता माहेरी बाळंत झाली, तेव्हा तिला रोज तेल लावायला चंद्राबाईच येई. एका सकाळी अंकिता म्हणाली, "मावशी, डावी पोटरी सुजलीया. लय ठणकती."

पोटरी हाताला गरम लागली. "वात धरलाय. दिवसभर लेकराला घेऊन बसतीस म्हाराणीवानी," असं हसत म्हणून चंद्राबाईनं ती चांगली रगडली. अंकिता कळवळली, तर म्हणाली, "सोस जरा."

दुसऱ्या दिवशी अंकिताला एकाएकी धाप लागली आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, जयराजला सांगितलं, की पायात रक्ताची गाठ होती, ती सुटून फुप्फुसात गेली. एकच पाय सुजला तर चोळायचा नसतो, लगेच दाखवायचा असतो. जयराजनं हे चंद्राबाईला एकटीला गाठून सांगितलं. "सासूबाईंना कळू देऊ नका," एवढंच वर म्हणाला.

तेराव्यानंतर अंकिताच्या आईनं बाळ चंद्राबाईच्या मांडीवर ठेवलं.

"ह्याला तुमीच तेल लावायचं. माझ्या अंकीचा पाय तुमच्याएवढा कुणी जपला न्हाई."

चंद्राबाई "व्हय" म्हणाली आणि बाळाच्या पायांना तेल लावू लागली.