साधुवाण्याची सुटका

कॅनडात सस्काटूनला आलो तेव्हा मी खाणीतला इंजिनिअर होतो. भटजी मला इथल्या लोकांनी केलं. पहिल्याच हिवाळ्यात ओळखीच्या एका डॉक्टरबाईंच्या बेसमेंटमध्ये सत्यनारायण होता आणि गावात भटजी नव्हता. "तुम्ही ब्राह्मण ना? मग सांगा पूजा," बाई म्हणाल्या. मी देव मानत नाही, असं म्हटलं. "वाचायला काय देव मानावा लागतो?" म्हणत त्यांनी पोथी माझ्या हातात कोंबली.

घाईत पोथीवर पंचामृत सांडलं आणि पानं चिकटली. चोरीचा आळ घेऊन राजाने कथेतल्या साधुवाण्याला तुरुंगात टाकलं, आणि पान उलटतो तर वाणी नावेत बसून घरी निघालेला! सुटका चिकटलेल्या पानांतच राहिली. मी तसंच दामटून वाचलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांचा जीव प्रसादाच्या शिऱ्यात.

त्याला तीस वर्षं झाली. रिटायर झालो, गुडघे गेले, तरी फोन येतोच. मुलांना आपला धर्म कळायला हवा म्हणतात, आणि मुलं वरती हॉकी बघत बसतात. पोथी तीच, पानंही चिकटलेलीच. आता कबूल केलं तर इतक्या घरांतल्या पूजा फुकट जातील.

गेल्या रविवारी मात्र बाईंची आठ वर्षांची नात समोर बसून ऐकत होती. मध्येच तिने इंग्रजीत विचारलं, "आजोबा, तो तुरुंगातून सुटला कसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अगं," मी म्हणालो, "ते ठाऊक असतं तर मी आज इथे बसलो असतो का?"