गुडघा, परेड आणि सुखदास

माझा उजवा गुडघा दोनदा गेला. पहिल्यांदा सरहद्दीवर, दुसऱ्यांदा कामठ्यात, माझ्या गावी, स्वतःच्याच धानाच्या बांधीत. सांगायचं आहे ते दुसऱ्या वेळचं, पण पहिल्याशिवाय ते सांगता येत नाही.

आमची पोस्ट बर्फात होती. कामं ठरलेली. पहाटे हत्यार घेऊन स्टँड-टू, बर्फ उपसणं, पेट्रोल म्हणजे गस्त, चहा, पुन्हा बर्फ उपसणं. लान्स नायक सुखदास माझा जोडीदार. तो आमच्याच गोंदियातल्या सालेकशाकडचा, म्हणजे अख्ख्या पलटणीत माझी बोली समजणारा एकटाच. बर्फाकडे बघून म्हणायचा, "एवढं पाणी आपल्या बांधीत असतं तं उन्हाळ्यातबी धान घेतलो असतो."

एका सकाळी पेट्रोलवरून परतताना माझा पाय बर्फात रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. सुखदासने रेडिओ घेतला.

"एक कैजुअल्टी. घुटना. चल नहीं सकता. ओवर."

"हेलिकॉप्टर नहीं आएगा. नीचे लाओ. ओवर."

"रॉजर."

त्याने मला पाठीवर घेतलं. मी म्हटलं, "थांब जरा, दम घे."

"चूप बस. बोलला का जड होतेस."

खाली एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, मला सोपवून तो दुपारी पुन्हा वर गेला. वर माणसं कमी होती. संध्याकाळी बर्फाचा कडा सुटून पोस्टवर आला. आमच्या सेक्शनमधला तो एकटाच लवकर सापडला नाही, सापडला तेव्हा उशीर झाला होता.

मला प्लास्टर लागलं, मग हलकी ड्यूटी, मग पेन्शन. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला आम्ही माजी सैनिक त्याच्या गावी जातो. शाळेजवळ त्याचं स्मारक आहे. त्याच्या आईला आम्ही सगळे माय म्हणतो. पुष्पचक्र ती माझ्याच हाती देते. रीत ठरलेली आहे. धीरे चल करत, म्हणजे एकेका पायावर तोलत संथ पावलांनी जायचं, चक्र ठेवायचं, पाठ न दाखवता मागे पावलं घ्यायची आणि सलामी द्यायची.

गेल्या वर्षी बांधीच्या धुऱ्यावरून घसरलो आणि तोच गुडघा पुरता गेला. स्मृतिदिनाला मी काठी टेकून उभा होतो. माय म्हणाली, "राहू दे बाबू, मीच ठेवतो." वाकताना तिचा तोल गेला आणि दोघांनी तिला सावरलं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑपरेशनला मी टाळाटाळ करत होतो, ती तिथेच संपली. पुढच्या वर्षी चक्र मीच ठेवणार होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. मांडीमागच्या स्नायूचा पट्टा घेऊन नवा लिगामेंट बसवला. खरी लढाई नंतरची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, एवढाच हुकूम होता. मांडी हुकूमच मानेना. ज्या मांडीने डोंगर चढले तिची पार काडी झाली होती.

काठी सुटली तसा मी शहाणपणा केला. अंगणात एकट्यानेच लेफ्ट-राइट सुरू केलं. पाय ताठ, टाच दणादण. चार दिवसांत गुडघ्याचा भोपळा झाला. गोंदियाच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम वैतागल्या.

"फौजी साहब, परेड बंद. एड़ी ठोकनी नहीं है, रखनी है. और घुटना मोड़िए."

सगळं आयुष्य टाच ठोकण्यात गेलेल्या माणसाला टाच टेकवायला शिकणं सोपं नाही. आरशासमोर शिकलो. टाच, तळवा, बोटं. मग त्या म्हणाल्या, "अब उल्टा चलिए. पीछे."

"फौजी पीछे नहीं हटता, मॅडम."

माझी बायको कुंदा शेजारीच बसली होती. तिने मला तिथेच धरलं.

"आमी बाया धानाचा सारा रोवणा मागं मागं सरकूनच करतो. तवा तुमाले भात खायाले भेटते. तुमाले कायची लाज वाटून राहिली?"

मॅडम हसल्या. मी उठलो आणि मागे चाललो.

त्यानंतर रोज अंगणात कुंदा माझ्या मागे उभी राहायची, पडलो तर धरायला. "गुडघा वाकवा. कमरेतून हलू नोका." आमच्या ड्रिलच्या उस्तादासारखी कडक. मांडी हळूहळू भरली. एका पायावर तोल राहू लागला, आणि धीरे चल म्हणजे दुसरं काय असतं! मॅडमचे आणि कुंदाचे उपकार या पायावर आहेत. ते फेडायचे नाहीत, बाळगायचे आहेत.

यंदा मायने चक्र माझ्या हाती दिलं. कोणीतरी हुकूम दिला, "धीरे चल." मी गेलो. चक्र ठेवलं. मग मागे पावलं घेतली, रोवण्यातल्या बाईसारखी, गुडघा वाकवून, घाई न करता. पाय डगमगला नाही. सलामी दिली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं नाही, कारण सलामीत हात हलवत नाहीत.

नंतर माय जवळ आली. "कोनता गुडघा?"

मी दाखवला. ती खाली बसली आणि पँटवरूनच त्यावर हात फिरवला, तापातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"चांगला जपजो याले," म्हणाली. "माह्या पोरानं पाठीवर आनला हाय."