आधी मांडलेलं पान

चारुता कर्णिक ही ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबा गावातली सगळ्यात घाबरट बाई आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला मला काही वाटत नाही. शेगडी बंद केली का ते बघायला ती अर्ध्या रस्त्यातून गाडी परत फिरवायला लावते, आणि आमच्याकडे अर्धा रस्ता म्हणजे वीसेक किलोमीटर सहज होतात. तिचा नवरा श्रीनाथ आता वाद घालत नाही. निघतानाच शेगडीचा फोटो काढून ठेवतो आणि तिने विचारलं की फोन पुढे करतो.

मी रेखा. इथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. चारुताचं घर माझ्यापासून चार घरं सोडून. ती युनीत, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, कम्युनिटी एंगेजमेंटला होती. म्हणजे नक्की काय करतेस, असं मी तीन वर्षं विचारत होते. "गावातल्या लोकांना युनी आपली वाटली पाहिजे, त्यासाठी जे लागेल ते," असं ती सांगायची. म्हटलं, बरं बाई, पगार देतात ना, मग झालं.

कोविडचं दुसरं वर्ष. बॉर्डर बंद, बाहेरचे विद्यार्थी येईनात, आणि युनीने माणसं कमी करायला घेतली. मे महिन्याच्या सुरुवातीला तिची बॉस ग्लेनिस, सरळ स्वभावाची बाई, तिला समोर बसवून म्हणाली, "तुझी पोस्ट तीस जूनला संपतेय. ती वाचवायला मला वर काहीतरी दाखवावं लागेल." दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे युनीच्या मुलींची फुटबॉल टीम. टीमच्या घरच्या मैदानावरच्या मॅचेसना गर्दी जमवणं हे चारुताचंच काम. सीझनमधल्या तीनच मॅचेस इथे होत्या, त्यातली शेवटची जूनच्या तिसऱ्या शनिवारी. "त्या दिवशी दोनशे माणसं आण, पुढचं मी भांडते," ग्लेनिस म्हणाली.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कोणाला वाटेल. पण चारुताचा व्हिसा त्या नोकरीवर होता. श्रीनाथ आणि मुलगी श्रिया तिच्या व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवस, त्यात दुसरा कोणी व्हिसा देणारा शोधा, नाहीतर देश सोडा. श्रिया अकरावीत. आणि जायचं म्हणजे कुठे? पुण्यात तेव्हा लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते.

पहिल्या मॅचला तिने पोस्टर लावली, ईमेल पाठवले, फेसबुकवर टाकलं. एकेचाळीस लोक आले. दुसरीला अडतीस, त्यातले सातआठ तर ब्रिस्बेनहून आलेल्या टीमचे आईबाप. त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्याशी उभी राहून कच्च्या शेंगदाण्यांवर शेंगदाणे खात होती. काळजी लागली की ती असंच खाते, आणि मग रात्रभर ॲसिडिटी झाली म्हणून रडते.

"रेखा, पोस्टर बघून कोणी लग्नाला येतं का गं?"

"लग्नाचा काय संबंध?"

"संबंध आहे. बोलावलं पाहिजे. घरी जाऊन बोलावलं पाहिजे."

तिचे वडील पुण्यात एका मंगल कार्यालयात व्यवस्था बघायचे. जेवायला किती पानं मांडायची हे ते आमंत्रणाच्या यादीवरून ठरवत नसत, लोक काय बोलले त्यावरून ठरवायचे. ती विद्या चारुताला पाठ होती. तिने एक वही केली आणि दारोदार निघाली. मराठी घरं, मल्याळी नर्सेस, पंजाबी ट्रकवाले, मोटेल चालवणारे गुजराती, कोणाला सोडलं नाही. मास्क लावून ड्राइव्हवेच्या टोकाला उभी राहायची आणि तिथूनच सांगायची, सहकुटुंब या म्हणून. "नक्की येतो" असं कोणी म्हटलं की नावापुढे फुली, म्हणजे हा येत नाही. "बघू, जमवतो" म्हटलं तरी फुली. "किती वाजता?" विचारलं तर एक बरोबरची खूण. पार्किंग कुठे, टॉयलेट आहे का, बाबागाडी आत नेता येते का, असले प्रश्न आले की दोन खुणा, तो माणूस येणारच. आणि "त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आहेत" म्हटलं तर तो पाहुण्यांना घेऊनच येणार! मी हसून हसून दमले. पण तिचा हिशोब पक्का होता. आपल्यातल्या तिघांना सांगितलं तर एक येतो. दोनशे हवेत तर सहाशेंना सांगायचं.

"आणि सहाशे आले तर?" मी विचारलं. मैदानाच्या कोविड प्लॅनमध्ये आत फक्त अडीचशेंची परवानगी होती, स्टाफ धरून.

"आले तर मेलेच मी," ती म्हणाली आणि आणखी मूठभर शेंगदाणे घेतले.

मग मेच्या शेवटी माझे बाबा गेले. सांगलीला. तीन दिवस बेड मिळत नव्हता, मिळाला तेव्हा उशीर झाला होता. भावाला लांबूनच बघू दिलं. मी इथे फोन हातात धरून बसलेली. तिकडे जाता येत नव्हतं, आणि गेले असते तर परत येता आलं नसतं. पहिल्या दिवशी चारुता दाराशी डबा ठेवून गेली. मी दार उघडलं नाही. फोन आले, मेसेज आले, हात जोडलेली ती चित्रं आली. पण माणूस म्हणून कोणी घरी येऊन बसलं नाही. ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी चालूच होतं, आणि सगळे घाबरलेले.

नवव्या दिवशी चारुता माझ्या ड्राइव्हवेवर उभी. हातात वही.

खरं म्हणजे दुखवट्याच्या घरी असलं आमंत्रण कोणी करत नाही. पण एक घर वगळलं तर तो अपमान, हेही खरं. या दोन्हीत ती आठ दिवस घुसमटली असणार, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त वही दिसली.

"रेखा, शनिवारी… तू नाही आलीस तरी चालेल. पण तुला सांगितलं नाही असं नको व्हायला."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या बापाला खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत, आणि तू मॅचला माणसं गोळा करत फिरतेस? लाज नाही वाटत? माझ्या नावावर फुली मार आणि चालती हो."

माझा नवरा हेमचंद्र आतून धावत आला. चारुताने तिथेच उभ्या उभ्या वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. लिहिलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यानंतर तिचं घर आलं की मी मान फिरवायची.

तिची खबर मात्र हेमचंद्रकडून कळत होती, मी विचारलं नाही तरी. रोज सकाळी सरकारी पत्रकार परिषद लावून बसते. कुठे दोन केसेस निघाल्या की हिचे हातपाय गार. लॉकडाऊन लागला तर मॅच रद्द, मॅच रद्द झाली तर नोकरी गेलीच. सूटकेसचं वजन करून ठेवलंय. श्रिया म्हणते, "मम, प्लीज चिल," आणि स्वतःच बाथरूममध्ये जाऊन रडते. ऐकून मला वाईट वाटलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

तो शनिवार उजाडला. पश्चिमेचा बोचरा वारा, आमच्या डोंगरावरचा. हेमचंद्र दोनला निघाला. "मी जातोय," एवढंच म्हणाला. मी घरात बसले. टीव्ही लावला, बंद केला. बाबांचा शेवटचा व्हॉइस मेसेज लावला, त्यात ते मिक्सरच्या गॅरंटी कार्डाबद्दल बोलत होते. घर इतकं शांत की फ्रिजचा आवाज सहन होईना. साडेतीनला मी घरातल्याच चपलांवर गाडी काढली.

मैदानाच्या रस्त्याला गाड्यांची रांग बघून मला आधी वाटलं, अपघात झालाय. गाडी पार लांब लावून चालत गेले. फाटक बंद, बाहेर फुटपाथवर साठसत्तर माणसं, आणि त्यांच्यासमोर चारुता. गळ्यात युनीच्या ओळखपत्राची पट्टी, हातात माणसं मोजायचं यंत्र. प्रत्येकाला सांगत होती, "सॉरी, आत जागा नाही, प्लीज राग मानू नका." वहीत फुल्या असलेले सगळे आले होते. "नक्की येतो" म्हणणारे खरंच आले होते! तिच्या वडिलांचा हिशोब लग्नांचा होता. दोनदोन महिने धास्तीने घरातच बसलेल्या, फोनवरच माणसं गमावलेल्या लोकांचा नव्हता.

तिने मला पाहिलं. मी मागे वळणार होते. ती फाटकावरच्या मुलाला म्हणाली, "वन आउट, वन इन, मेट," आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत ढकललं. कोणीतरी आतून बाहेर गेलं असेल, असं मला वाटलं. मी मास्कमध्ये नाक ओढत आत गेले.

आत लोक कठड्यावर, गवतावर, दूर दूर बसले होते. नरेंद्र देवस्थळी, युनीतले प्राध्यापक, यांचं आणि माझं मराठी मंडळात कधी पटलं नाही. त्यांनी बाकावरची पिशवी उचलली आणि म्हणाले, "बसा." मी दुसऱ्या टोकाला बसले. मग म्हणाले, "तुमचे वडील कधी?" मी तारीख सांगितली. "माझी आई दोन दिवस आधी," ते म्हणाले. पुढची एक मल्याळी नर्स वळली. तिचा भाऊ. मैदानावर मुली धावत होत्या, आणि आम्ही कोणालाही नियम माहीत नसताना टाळ्या वाजवत होतो, एकदा तर पलीकडच्या टीमच्या गोललाही. मग आमच्या गोलकीपरने एक बॉल आडवी उडी मारून अडवला आणि मी ओरडले. अशी ओरडले की घसा दुखला. बाबा गेल्यावर मी रडलेही नव्हते, आणि आता चारचौघांत ओरडता ओरडता डोळ्यांतून धारा लागल्या. हेमचंद्र कुठूनसा येऊन शेजारी बसला.

हाफटाइमला ग्लेनिस सगळीकडे शोधत होती. "चारुता कुठेय? बरोबर अडीचशे! वरचे लोक आलेत, मला तिची ओळख करून द्यायचीय."

मी फाटकाकडे पाहिलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चारुता तारेच्या कुंपणाबाहेर होती. फुटपाथवर परत पाठवलेल्या लोकांना कुंपणाच्या कडेने अंतर ठेवून उभं करत होती, म्हाताऱ्यांना वाऱ्याच्या आडोशाला आणत होती. मैदानाकडे तिची पाठ. आतली जी एक जागा मला मिळाली होती, ती स्टाफमधली तिची होती.

मी कुंपणापाशी गेले. "चारुता! अगं, वरचे लोक आलेत. तुझ्या नोकरीची मॅच आणि तू बाहेर?"

"घरच्यांची पंगत शेवटी असते," ती म्हणाली आणि लगेच, "आत टॉयलेटला लाइन नाही ना? कोणी पडलं-बिडलं नाही ना?"

"मी तुला काय काय बोलले."

"मी चुकलेच होते. पण न सांगता राहवेना."

"रडू नकोस, मला परत रडू येईल," मी म्हटलं आणि आम्ही दोघी तारेला धरून यथेच्छ रडलो. मागून ग्लेनिस आणि तिच्याबरोबरचे दोन कोटवाले आले. "तू बाहेर का?" ग्लेनिसने विचारलं. चारुता नाक पुसत म्हणाली, "आत अडीचशे झालेत. मी आले तर एक जास्त होईल."

कोटवाल्यांपैकी एकाने बाहेरच्या त्या रांगेकडे पाहिलं, मग आतल्या गर्दीकडे, आणि फोन काढून फोटो घेतला.

मॅच आम्ही हरलो, किती गोलनी ते मला आठवत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत चारुताने शेंगदाण्याची अख्खी पिशवी संपवली, आणि त्या शुक्रवारी पत्र आलं. पोस्ट एक वर्ष वाढली. ती ते पत्र घेऊन धावत माझ्याकडे आली. या वेळी ड्राइव्हवेवर थांबली नाही, थेट आत. दोन मिनिटं आनंद, आणि मग सुरू, "पुढच्या सीझनला हे सगळे परत येतील का गं? आणि आले तर बसवू कुठे?"

तिची वही माझ्या ओट्यावर पडली होती. मी सहज चाळली, आणि त्या नवव्या दिवसाचं पान आलं. माझं नाव होतं. फुली नव्हती. नावापुढे दोन खुणा होत्या.

"हे काय? मी तर तुला हाकलून दिलं होतं. पार्किंगसुद्धा विचारलं नव्हतं."

चारुताने वही माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. "बाबा सांगायचे, भांडून गेलेल्याचं पान आधी मांडायचं," ती म्हणाली. "तुझ्याकडे बस म्हणायची काही पद्धत आहे की नाही? चहा ठेव."