सातवा आकडा

"जोडलंय म्हणजे धरलंय असं नाही," असं म्हणत ते समोरची वस्तू दोन बोटांत पकडून ओढून बघायचे. कपाचा कान, कोटाचं बटण, कुणाच्या बॅगेचा बंद, काहीही. एकदा आमच्या घरी जेवायला आले होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दारच त्यांच्या हातात आलं. माझी बायको बघत राहिली. ते शांतपणे म्हणाले, "आज ना उद्या आलंच असतं. स्क्रू-ड्रायव्हर आहे का?" आणि जेवण बाजूला ठेवून दार बसवत बसले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. वहिनींनी, त्यांच्या बायकोने, तसं सांगितलं आहे. इथे आयर्लंडात, गॉलवेतल्या मराठी मंडळींना ते कळेलच, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल.

आमच्या कारखान्यात हृदयापर्यंत घालायच्या बारीक नळ्या तयार होतात. मी प्रॉडक्शनमध्ये, ते क्वालिटीत. म्हणजे माल पुढे ढकलायचं काम माझं आणि अडवायचं त्यांचं. नळीचा सांधा यंत्रात लावून तुटेपर्यंत ओढायचा आणि कितीला तुटला ते लिहायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. आमचा आयरिश सुपरवायझर त्यांना दुरून येताना बघितलं की पुटपुटायचा, "हिअर्स युअर मॅन. नाऊ वुई'ल बी हिअर टिल ईस्टर." म्हणजे आले हे, आता ईस्टरपर्यंत सुटका नाही.

एकदा एक मुलगी चहाला गेली होती आणि तिच्या शेजारणीने कागदावर तिच्या नावाची दोन अक्षरं टाकली. ह्यांनी सगळा माल थांबवला. मी तडक त्यांच्या टेबलावर गेलो.

"अहो, काम तिनेच केलंय! सगळ्यांनी बघितलंय."

"केलं असेल. सही तिची नाहीये. दुसऱ्याच्या जागी आपण 'हो' म्हणायचं नाही रे."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर थालीपिठांचा डबा होता. त्यावर चिठ्ठी वगैरे काही नव्हती. ते तिकडे पाठमोरे बसून नळ्या ओढत होते. मी थालीपिठं खाल्ली आणि भांडण मिटलं.

ते नाशिकचे. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले. इथे आल्यावर त्यांनी आम्हा सात जणांची टोळी जमवली आणि तिकडची शिस्त इकडे आणली. प्रत्येक थांब्यावर पुढच्याने 'एक' ओरडायचं, मग दोन, तीन, असं शेवटपर्यंत. शेवटचा आकडा नेहमी त्यांचा. पण 'सहा' झाल्यावर त्यांचा 'सात' लगेच कधी यायचा नाही. आधी ते सावकाश मागे वळून बघायचे, आपल्या मागे कुणी राहिलं नाही ना म्हणून. सातच माणसं, सातवे ते स्वतः, मागे कोण राहणार? उन्हाळ्यात वहिनी त्यांच्या बरोबरच चालायच्या, दोघांचा मिळून एकच आकडा. त्या म्हणायच्या, "ह्यांचा सात येईपर्यंत माझा चहा पिऊन होतो." आम्ही हसायचो. त्यांनी सवय काही बदलली नाही.

हिवाळ्यात आम्ही दक्षिणेकडच्या केरी परगण्यातल्या डोंगरांवर जायचो. तिथला सगळ्यात उंच डोंगरही आपल्या कळसूबाईपेक्षा ठेंगणा. त्यामुळे ते बर्फाचा कडा सुटण्याबद्दल बोलायला लागले की आमची चेष्टा सुरू व्हायची. इथले लोकही हसायचे. एका हॉटेलवाल्याने तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ॲव्हलांश? इन आयर्लंड? गो 'वे आउट ऑफ दॅट." म्हणजे, काहीतरीच काय बोलता!

ते चिडायचे नाहीत. "इथला बर्फ टिकत नाही म्हणूनच भीती," म्हणायचे. आज पडतो, उद्या अर्धा वितळतो, परवा गोठून काच होतो. मग वारा वरचा नवा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगाला नेऊन थापतो. बघणाऱ्याला वाटतं, छान बसलाय. ते गुडघ्यावर बसायचे, करवतीने वडीसारखा चौकोन कापायचे, त्यामागे दोन्ही हात घालायचे आणि ओढायचे. कारखान्यात ओढायचे तसंच, तोच चेहरा करून.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्यांनी असा चौकोन कापला आणि तो हात लावताच सरकून त्यांच्या मांडीवर आला. "नाही," ते म्हणाले. "परत."

गॉलवेहून पहाटे निघून चार तास गाडी हाकत आलो होतो, माथा जवळ होता. आम्ही कुरकुरलो, सगळ्यात जास्त मी. पण परतलो. आलो त्या वाटेवर आता धुकं उतरलं होतं आणि वाऱ्याने सकाळचे ठसे बुजवले होते. वाटेत एक लहानशी उतरण आडवी ओलांडायची होती, फार तर चाळीस पावलांची. तीही त्यांना पसंत नव्हती, पण दुसरी वाट नव्हती. त्यांनी सांगितलं, "एकेकाने जायचं. पलीकडे पोचलात की आकडा द्या, मग पुढचा निघेल."

एक ते पाच गेले. सहावा मी. पलीकडे पोचून मी 'सहा' ओरडलो, मागे वळलो, तर धुक्यात त्यांनी काठी वर केलेली दिसली. मग धुकं दाट झालं. मी उभा राहिलो. बोटं बधिर झाली होती, कानात नुसता वारा. पुढून हाक आली, "सात?" मी थांबलो. पुन्हा हाक आली, "अरे, सात?"

मला वाटलं, आले असतील, नेहमीप्रमाणे मागे वळून बघत असतील. मी तोंडाशी हात धरला आणि ओरडलो, "सात!"

सगळे चालू लागले. मीही.

खाली दगडी कुंपणापाशी पोचल्यावर कळलं की आम्ही सहाच आहोत. परत वर धावलो. उतरणीच्या मधोमध बर्फाला आडवी सरळ भेग पडली होती, आणि तिच्याखालचा बर्फ जागेवर नव्हता. बचाव पथकाच्या लोकांना, म्हणजे त्याच खोऱ्यातल्या मेंढपाळांना आणि शिक्षकांना, दुपारी त्यांचा देह बर्फाखाली सापडला. मी त्यातल्या एकाला विचारलं, आम्ही लगेच वळलो असतो तर? त्याने टोपी काढली आणि म्हणाला, सांगता येत नाही. तेवढंच म्हणाला.

कुणीतरी वहिनींना सांगितलं की उतरण ओलांडून त्यांनी 'सात' दिला होता, मग काही बघायला मागे वळले असावेत, पुढचं सगळं त्यानंतर झालं. मी तिथेच उभा होतो. मी गप्प बसलो. एका दिवसाचं गप्प बसणं पुढे दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत कारखान्यात मी रोज कागदांवर सह्या करत होतो, स्वतःच्या.

गेल्या महिन्यात वहिनी नाशिकला कायमच्या परत निघाल्या. सामान बांधायला मी गेलो होतो. खोकी झाली, चहा झाला. त्यांची ती बर्फाची करवत माझ्या हातात देत वहिनी म्हणाल्या, "शेवटचा आकडा तर दिला होता ना ह्यांनी?"

मी करवत टेबलावर ठेवली. "नाही वहिनी. तो सात मी म्हटला होता."

त्या रडल्या नाहीत. खोक्यावरची चिकटपट्टी नखाने दाबत राहिल्या.

"माहीत होतं मला," शेवटी म्हणाल्या. "सगळे सांगत होते, दुसऱ्या हाकेला लगेच 'सात' आला. ह्यांचा सात कधी लगेच आलाय का? तू कधी सांगशील, त्याची वाट बघत होते."

मग त्यांनी खोक्याची पट्टी दोन बोटांत पकडली आणि ओढून बघितली.

आम्ही सहा जण अजून डोंगरात जातो. शेवटी मी असतो. 'सहा' म्हणण्याआधी मी मागे वळून बघतो, आणि म्हटल्यावरही कुणी पाऊल उचलत नाही.

थोडा वेळ सगळे तसेच उभे राहतात.