जिवंत बाईवरचा दावा

मथुराबाईला कॅन्सर झाल्याची बातमी खडकवाडीत तिच्याआधी येऊन पोचली. ती बार्शीच्या दवाखान्यातून निघून, एस.टी. बदलत, लोहाऱ्यापासून पुढं जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन गावात उतरली, तोवर तिच्या दारात बायका फतकल मारून बसल्या होत्या आणि दोघी-तिघींचं डोळ्यांना पदर लावूनही झालं होतं. बातमी कुणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या गावात तार शिळी होऊन यायची, टँकर सांगितल्या दिवशी कधी आला नाही, पण दुसऱ्याचं वाईट झालेलं मात्र कसं कोण जाणे, वेळेवर पोचायचं.

मथुराबाई पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अंगानं किडकिडीत आणि तोंडानं भारी. तिच्या तोंडाला सरपंच वचकून असत, टँकरचा ड्रायव्हर वचकून असे, आणि तलाठी तर तिच्या गल्लीतून जायचंच टाळत असे. त्याच तोंडात, डाव्या गालाच्या आत, जिथं ती जन्मभर तंबाखूची चिमूट धरत आली होती, तिथं एक जखम झाली आणि काही केल्या भरून येईना. उमरग्याच्या डॉक्टरनं बार्शीला धाडलं. बार्शीला तुकडा काढून तपासला आणि काय ते सांगितलं.

तिच्या भांडणांतलं सगळ्यांत टिकाऊ भांडण धाकट्या जावेशी होतं. ही केशरबाई, तीही विधवा, मधल्या भिंतीपलीकडं राहणारी. मथुराबाईच्या मोरीचं पाणी आपल्या अंगणात येतं, म्हणून तिनं उमरग्याच्या कोर्टात दावा लावला होता. दाव्याला कितीतरी वर्षं झाली. मधल्या काळात दुष्काळ आला, विहिरी आटल्या, लोक घागरभर पाण्यासाठी एकमेकांच्या उरावर बसू लागले, मोरीतून थेंब पडेनासा झाला. दावा मात्र आटला नाही. तारखेला दोघी एकाच एस.टी.नं जायच्या, एक ड्रायव्हरच्या मागं आणि एक शेवटच्या बाकावर, आणि पुढची तारीख पदरात पाडून घेऊन समाधानानं परत यायच्या.

आता सांत्वनाचं. बायका येत, उंबऱ्यात टेकत, मथुराबाईकडं टक लावून बघत आणि सुस्कारा सोडत. कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'त्यो आजार' म्हणायचं आणि लगेच स्वतःच्या गळ्यातल्या मण्यांना हात लावायचा. मग आपल्या माहितीतलं जे कुणी त्या आजारानं गेलं असेल त्याची हकीकत, अगदी बारकाव्यांसकट. कुणाचा मेव्हणा कसा तडफडला, कुणाच्या सासूला शेवटी पाणीसुद्धा कसं उतरेना. एवढं झालं की "तुमी काय बी मनात आणू नगा" असं बजावून उठायचं. जाताना कुंपणापाशी आवाज उतरवायचा, पण मथुराबाईला ऐकू जाईल इतपतच, आणि म्हणायचं, "तोंडानं लोकास्नी जाळलं, आता तोंडालाच आलं." एरवी मथुराबाई काठी घेऊन पाठीमागं धावली असती. आता ती नुसती बसून राहिली.

घरात सून होती, प्रेमला. तिनं सासूसाठी वेगळी ताटली काढली, कडेचा टवका उडालेली. "आत्याबाई, तुमास्नी दगदग नगं," म्हणत तिनं सासूला चुलीपुढून उठवलं, आणि नातवाला सासूच्या मांडीवरून उठवलं. मुलगा आबाराव गावच्या दूध संस्थेत दूध मोजायला होता. तो आईशी पाव्हण्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागला. टँकरपाशी तर कहर झाला. मथुराबाई घागर घेऊन आली, तशा बायका बाजूला सरल्या आणि "आधी त्यांची भरू द्या गं" म्हणाल्या. ज्या नंबरासाठी ती जन्मभर भांडली तो असा फुकटात मिळाला. गावानं आपल्याला गेल्यात जमा धरलंय, हे तिला तिथं उमगलं.

ती भ्याली होती. साधं, सरळ भ्याली होती. घास घेताना भ्यायची, आरशात गाल बघताना भ्यायची. कुणालातरी एकदा धरून सांगावं असं तिला वाटे. पण ती "मला भ्या..." एवढं म्हणेपर्यंत समोरचा "भ्यायचं न्हाय, देव हाय" म्हणून मोकळा होई. आणि डॉक्टर काय म्हणाले, हे तर कुणी विचारतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बाई, लवकर आलात. लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घेतलीत तर बरं व्हायची पुष्कळ आशा आहे. दीड-दोन महिने इथं राहावं लागेल, सोबत एक माणूस आणा, आणि उशीर करू नका. बार्शीला सोबत गेलेल्या आबारावनं यातला आजाराच्या नावाचा शब्द तेवढा ऐकला होता, पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. मथुराबाईनं सगळं ऐकलं होतं. ती रोज सकाळी मुलाच्या तोंडाकडं बघे आणि आबाराव म्हणे, "जाऊ की माय, जरा कामाचा रेटा कमी होऊ दे." गावचं सारं दूध तेव्हा एका कॅनमध्ये मावत होतं.

अशात एका सकाळी चेअरमन नानासाहेब आले. दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात म्हशी आटल्या होत्या, पण संस्थेच्या बैठका, हारतुरे आणि नानासाहेबांची भाषणं यांत घट नव्हती. सोबत संचालक होते, सफरचंदांची पिशवी होती, आणि चेअरमन आले म्हणून मागं निम्मी गल्ली होती. आबारावनं सतरंजी अंथरली. नानासाहेबांनी पिशवी मथुराबाईच्या हातात दिली, घसा खाकरला आणि "मथुराकाकू, संस्था तुमच्या पाठीशी आहे," असं जाहीर केलं. कशी आहे ते सांगितलं नाही. मग पुढं काय बोलावं ते न सुचल्यामुळं, किंवा नुसत्या सवयीनं, ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. मथुराबाईला कळेना ही काय पद्धत. पण सगळेच उभे आहेत म्हटल्यावर तीही पदर सावरून उठली आणि सफरचंदं पोटाशी धरून, मान खाली घालून, आपल्याच नावानं शांत उभी राहिली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "आगं ये भवाने, सोड ती केरसुणी! खा, माझं डोस्कं बी खा!" केशरबाईची शेळी केरसुणी खात होती. दोन मिनिटांचं मातेरं झालं. नानासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यातूनच त्यांना कल्पनाही सुचली. मरणाच्या दारातल्या बाईचं वैर मिटवून देणं, आणि तेही चारचौघांत, यापरतं पुण्य ते कोणतं! त्यांनी केशरबाईला बोलावणं धाडलं.

केशरबाई आली ती खाल्लेली केरसुणी हातात घेऊनच आली. जावेच्या अंगणात ती कितीतरी वर्षांनी पाय टाकत होती.

"केशरकाकू," नानासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "आता वैर धरून काय करायचं? आता किती दिवसांचं हाय सगळं? दावा काढून घ्या. ह्या माउलीच्या जिवाला शांती लाभंल."

"का काढू?" केशरबाई म्हणाली. "मेली का ती?"

कुणीतरी "अरारा" केलं.

"मेल्यावर काढीन की, मग कुणाशी भांडायचंय? जित्या बाईवरचा दावा म्या काढणार न्हाय. गौरी उठल्या की तारीख हाय. तिला तितं उबी राहून जबाब द्यावा लागंल."

नानासाहेब मथुराबाईकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पण मथुराबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. सफरचंदांची पिशवी तिनं सतरंजीवर आदळली.

"देणार न्हाय व्हय गं?" तिचा आवाज आला, आणि असा आला की मागं उभ्या असलेल्या पोरी दचकल्या. "तुज्या वकिलाच्या नाकावर टिच्चून देणार! मोरी माज्या सासऱ्यानं बांदली, तू नांदायला यायच्या आदी!"

"सांग की मग जज्जाला! हितं बसून कुणाला सांगायलीस?" केशरबाईनं केरसुणी नाचवली. मग एकदम, त्याच भांडणाच्या आवाजात, विचारलं, "डाक्टर काय म्हणला?"

बार्शीहून आल्यापासून हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मथुराबाईनं सांगितलं. लाईटचं सांगितलं, बरं व्हायच्या आशेचं सांगितलं, उशीर करू नका म्हणाले तेही सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं जमिनीकडं बघून म्हटलं, "सोबत माणूस पायजे म्हणलाय."

त्याबरोबर अंगणातल्या माणसांना आपापली कामं आठवू लागली. कुणाची भाकरी तव्यावर राहिली होती, कुणाला टँकरचा आवाज आला. तो बाकी कुणालाच आला नाही. नानासाहेबांना उस्मानाबादला तातडीची मिटिंग निघाली. आबारावला सुट्टी द्यावी का, हा विषय त्यांनी पुढच्या संचालक मंडळासमोर ठेवायचं आश्वासन दिलं. आबारावनं मान डोलावली. प्रेमला पोराला कडेवर घेऊन आत गेली. बघता बघता सतरंजी मोकळी झाली. उरली सफरचंदं आणि दोघी जावा.

"उद्या पयल्या जीपनं निग," केशरबाई म्हणाली. "मला बार्शीला तूरडाळ आणायचीय. तिकडं डाळ चांगली मिळती."

डाळ आणायला कुणी दीड-दोन महिन्यांचं बोचकं बांधत नाही. पण सकाळी पारापाशी केशरबाई पीठ, तिखट, तवा आणि वाकळ असा सगळा संसार घेऊन उभी होती, आणि शेळी आबारावच्या गळ्यात बांधून आली होती. "तिला पाणी पाजलं न्हाईस तर येऊन बघते तुला," एवढं ती पुतण्याला म्हणाली. आबाराव आईच्या पाया पडला आणि रडला. त्याचं रडणं खरं होतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हरकत नाही.

लोहाऱ्याला एस.टी.त बसताना पंचाईत झाली. एक पुढं, एक मागं ही त्यांची जुनी रीत, पण गाडी भरलेली आणि जागा एकच बाक. दोघी शेजारी बसल्या, मध्ये तवा ठेवून. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती आणि रोजगार हमीच्या बायका रस्त्याच्या कडेला खडी फोडत होत्या. मथुराबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "केशरे, मला लई भ्या वाटतंया."

"वाटायचंच," केशरबाई म्हणाली. "मला बी वाटायलंय. सरक जरा तिकडं, तवा रुततोय."

मथुराबाई सरकली. मग ती रडली, मोठ्यानं, अगदी कंडक्टर वळून बघेपर्यंत. केशरबाईनं तिला गप्प बस म्हटलं नाही. कंडक्टरला मात्र म्हटलं, "काय बगतोस? तिकिटं फाड."

बार्शीला पेशंटच्या माणसांना राहायला पत्र्याची शेड होती. तीन दगडांच्या चुली, लाकडाचा धूर, आणि प्रत्येक चुलीपाशी 'तो आजार' झालेलं एकेक माणूस. तिथं मात्र त्याला सगळे सरळ कॅन्सर म्हणत होते. शेजारच्या चुलीवरची नीलम्मा उमरग्याकडची, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारी. तिनं तोंड उघडून आपला भरून आलेला गाल दाखवला. सुरुवातीला काही वाटणार नाही, मग तोंड आतून सोलून निघेल, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि पातळ पेज प्यायची, आणि "तवा मरावं वाटतंय अक्का, पर मरायचं न्हाय," असं तिनं बजावलं. गावच्या साऱ्या सांत्वनानं मथुराबाईला जे मिळालं नव्हतं ते त्या चुलीपाशी उकिडवं बसून मिळालं. आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय, हे तिला कळलं.

आणि नीलम्मानं सांगितलं तसंच झालं. तोंड सोललं. जीभ हलवली की आग व्हायची. जिच्या तोंडाला गाव वचकून होतं ती बाई बोलेनाशी झाली, आणि पुढं पुढं पेजही नको म्हणून भिंतीकडं तोंड करून पडू लागली.

केशरबाईनं आधी दटावलं. मग शिव्या दिल्या. वाडगं पुढं करून ती म्हणाली, "नाटकं करतीस व्हय गं? सासू असताना बी अशीच करायचीस." आणि थांबली. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा एक टोमणा मारला आणि पुन्हा थांबली. जन्मभर जिचं प्रत्येक वाक्य परतून अंगावर यायचं, ती नुसती पडून होती. केशरबाईनं वाडगं खाली ठेवलं.

मग ती मथुराबाईच्या समोर जाऊन बसली. "तुला काय म्हणायचंय ते म्या सांगते," ती म्हणाली. आणि नाक फेंदारून, हुबेहूब जावेच्या आवाजात, "'ए केशरे, ही पेज हाय का भांडी धुतलेलं पाणी?' आसं न्हवं?"

मथुराबाईनं डोळे उघडले. मान हलवली. एवढ्यानं भागणार नव्हतं.

"बरं. 'तुज्या आयनं तुला चूल दावलीच न्हाय, नुसतं त्वांड दिलं.'"

मथुराबाईनं पुन्हा मान हलवली. तिच्या डोळ्यांत जरा धार आली होती. शेडमधल्या बायका कान देऊन ऐकू लागल्या. केशरबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"'तुज्या हाताला चव न्हाय, म्हणून तुजा नवरा माज्या चुलीपाशी येऊन जेवायचा.'"

हे वाक्य मथुराबाईनं एकदाच म्हटलं होतं, दीर गेल्यावर, चार बायकांच्या देखत. मोरीचं पाणी त्यानंतर आठवड्याभरानं केशरबाईच्या अंगणात येऊ लागलं होतं. त्याआधी ते जणू दुसरीकडंच कुठं जात होतं.

मथुराबाई उठून बसली. तिनं हात पुढं केला आणि केशरबाईच्या तोंडावर ठेवला. घट्ट ठेवला. दोघीही तशाच राहिल्या. मग दुसऱ्या हातानं तिनं वाडगं ओढून घेतलं आणि डोळे मिटून एक घोट घेतला. गिळताना तिचा सगळा चेहरा आवळला गेला. तरी तिनं दुसरा घेतला.

"गार झाली आसंल," केशरबाई तिच्या हाताखालून म्हणाली. "आण हिकडं, तापवून देते."